शेजारच्या संघाची तिजोरी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. ज्या कामात आपला पैशाचा लाभ नाही, त्या कामासाठी घाम गाळणे असा त्याचा अर्थ. फुटबॉलचे शौकीन या बाबतीत सगळ्यांच्या वरताण आहेत. आपल्या संघाने किती गोल केले एवढ्यावर त्यांचे भागत नाही. प्रतिस्पर्धी संघाने खेळाडूवर किती खर्च केला, तो पैसा आला कुठून, अंगावरच्या सदऱ्यावर नाव छापायला एखादी कंपनी एवढी रक्कम कशी देते, यावर ते रात्र रात्र वाद घालतात. स्वतःच्या घरचे वीजबिल भरायचे राहिले तरी चालेल, पण शेजारच्या संघाचा ताळेबंद त्यांना तोंडपाठ असतो.

आमचे धाड बुलढाणा जिल्ह्यातले. आमच्या भागात जत्रेत रंगते ती कुस्ती, शाळेच्या मैदानावर दिसते ती कबड्डी आणि बारा महिने चालते ते क्रिकेट. फुटबॉल म्हटले की लोक कोल्हापूरचे, गोव्याचे नाव घेतात. पण मोबाईल हाती आला आणि इंग्लंडमधले सामने धाडपर्यंत पोहोचले. आता इथली कॉलेजात जाणारी मुलेही मँचेस्टर युनायटेडची आणि मँचेस्टर सिटीची झाली आहेत. त्यांचे वाद मी कान देऊन ऐकतो. ‘तुमचा संघ तेलाच्या पैशावर जिंकतो,’ असे एक म्हणतो. ‘आणि तुमचा काय पुण्याईवर जिंकत होता?’ असे दुसरा विचारतो. मला या वादाची गंमत वाटते आणि त्याचे मोलही वाटते. कारण हा वाद आजचा नाही. तो जवळपास फुटबॉलएवढाच जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी आमच्या वऱ्हाडच्या कापसाचाही एक धागा आहे.

आधी या वादातला एक शब्द समजून घेऊ. फुटबॉल क्लबला पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. एक वाट तिकिटांची. दुसरी टीव्हीच्या हक्कांची. तिसरी व्यापारी उत्पन्नाची, म्हणजे सदऱ्यावरची जाहिरात, स्टेडियमला दिलेले कंपनीचे नाव, क्लबच्या वस्तूंची विक्री वगैरे. पहिल्या दोन वाटांचा हिशेब बऱ्यापैकी उघड असतो. स्टेडियमात खुर्च्या किती ते मोजता येते, आणि टीव्हीचा पैसा स्पर्धेच्या नियमाप्रमाणे वाटला जातो. तिसऱ्या वाटेवर मात्र धुके असते. जाहिरातीची खरी किंमत किती, हे कोण ठरवणार? आणि जाहिरात देणारा हा क्लबच्या मालकाचाच सोयरा निघाला तर? आपल्याकडे सासऱ्याने जावयाच्या दुकानातून शंभराची वस्तू हजाराला घेतली, तर आपण त्याला व्यापार म्हणत नाही, आहेर म्हणतो. सगळा वाद या आहेराचा आहे.

मँचेस्टर सिटी हा क्लब 2008 साली अबू धाबीच्या राजघराण्यातले शेख मन्सूर यांच्याकडे गेला. 2011 मध्ये अबू धाबीच्याच एतिहाद विमान कंपनीने या क्लबशी दहा वर्षांचा करार केला. त्याची रक्कम तेव्हा सुमारे 40 कोटी पौंड सांगितली गेली. प्रतिस्पर्ध्यांच्या भुवया उंचावल्या. त्याच सुमारास युरोपच्या फुटबॉल संघटनेने नियम आणला होता, की क्लबने आपल्या कमाईच्या बेतातच खर्च करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रश्न आला, की अंथरूणच कोणी बाहेरून ओढून लांब केले तर काय करायचे? 2020 च्या फेब्रुवारीत युरोपच्या संघटनेने सिटीवर दोन वर्षांची बंदी घातली. जुलैत क्रीडा लवादाने ती रद्द केली, पण चौकशीत सहकार्य केले नाही म्हणून एक कोटी युरोचा दंड ठोठावला. 2023 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या प्रीमियर लीगने याच क्लबवर नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते सगळे नाकारले. धाडची मुले ज्यावर भांडतात ते हे प्रकरण.

आता जरा मागे जाऊ. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायर परगण्यातल्या सूतगिरण्या बंद पडू लागल्या. प्रेस्टन, बोल्टन, बरी या गिरणगावांत चुली पेटेनात. तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडवर पडली. वऱ्हाड 1853 मध्येच निजामाकडून त्यांच्या ताब्यात आले होते. आमच्या जिल्ह्यातले खामगाव कापसाची मोठी पेठ बनले. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला, तो मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. या गाठी मुंबईला जात आणि तिथून बोटीने विलायतेला. काळ्या मातीतले आमचे पांढरे सोने ज्या गिरणगावांसाठी निघाले होते, त्याच गिरणगावांत पुढे पैसे घेऊन खेळायचा फुटबॉल जन्माला आला.

त्या काळी फुटबॉल खेळण्यासाठी पैसे घेणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा मानला जाई. खेळ हा सभ्य गृहस्थांचा, त्याला पैशाचा विटाळ नको, असा लंडनकरांचा आग्रह. पण लँकेशायरच्या गिरणी कामगाराला खेळासाठी रजा घेतली तर मजुरी बुडत होती. प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचा कारभार विल्यम सडेल नावाच्या गिरणीच्या मॅनेजरकडे होता. त्याने स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणले. त्यांना गावात नोकऱ्या लावून दिल्या. नोकरी नावाची, काम मैदानाचे. 1884 च्या जानेवारीत इंग्लंडच्या एफ. ए. कप स्पर्धेत लंडनचा अप्टन पार्क हा संघ प्रेस्टनशी खेळला. सामना बरोबरीत सुटला. अप्टन पार्कने तक्रार केली, की प्रेस्टन खेळाडूंना पैसे देते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरीवर बोट ठेवणारा हा फुटबॉलमधला पहिला गाजलेला खटला. सडेलने काही लपवले नाही. पैसे देतो, आणि सगळेच देतात, असा त्याचा रोख होता. प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढले गेले. पण लँकेशायरचे क्लब वेगळी चूल मांडायला निघाले, तेव्हा संघटना नमली. 1885 च्या जुलैत पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली.

पुढचे तर एखाद्या नाटकात शोभावे असे आहे. 1888 साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात प्रेस्टनने 22 पैकी एकही सामना न गमावता ती जिंकली. त्याच हंगामात एकही गोल न खाता कपही जिंकला. लोक त्यांना ‘अजिंक्य’ म्हणू लागले. दुसऱ्या वर्षीही लीग त्यांनीच जिंकली. आणि 1895 मध्ये उघडकीला आले, की सडेलने आपल्या गिरणीच्या वह्यांत फेरफार करून पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम उचलली होती. त्यातला पैसा क्लबवर खर्च झाल्याचे बोलले गेले. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. प्रेस्टनने 1890 नंतर ती पहिल्या दर्जाची लीग आजवर पुन्हा जिंकलेली नाही. लंडनच्या तक्रारखोरांची मागणी जुनाट होती, पण त्यांनी नकळत एका बरोबर जागी बोट ठेवले होते. प्रेस्टनकडे पैसा किती, याला महत्त्व नव्हते. तो एका माणसाच्या हातून येत होता, याला होते. तो माणूस खाली बसला, तसा संघही खाली बसला.

मँचेस्टरच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सिटीच्या हिशेबाची चौकशी 2020 साली पहिल्यांदा झाली असे नाही. 1901 पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायला बंदी होती. 1906 मध्ये चौकशी झाली आणि मँचेस्टर सिटी वरून गुपचूप पैसे देते असे निघाले. 17 खेळाडू निलंबित झाले. त्यांनी पुन्हा सिटीकडून खेळायचे नाही असाही हुकूम निघाला. मग क्लबने ते विकायला काढले. त्यातले चार, त्यात त्या काळचा मोठा खेळाडू बिली मेरेडिथ, मँचेस्टर युनायटेडने घेतले आणि 1908 मध्ये युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली. युनायटेड तरी कोणाच्या जोरावर उभी होती? 1902 मध्ये हा क्लब कर्जाने बुडत असताना एका दारूभट्टीच्या मालकाने त्याला वाचवले होते. पुण्याईवर दोघांपैकी कोणीच जिंकत नव्हते.

आता विलायत सोडून आपल्या मुलखात येऊ. सडेलची ती ‘नोकरी नावाची, काम मैदानाचे’ पद्धत मुंबईने फार चांगल्या रीतीने वापरली, आणि इथे ती नियमात बसत होती. टाटा, कॅल्टेक्स, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांनी फुटबॉलचे संघ ठेवले. खेळाडूला नोकरी मिळे, घर चाले आणि कूपरेजच्या मैदानावर कंपनीचे नाव गाजे. कॅल्टेक्सच्या संघाने 1958 मध्ये मुंबईचा मानाचा रोव्हर्स कप जिंकला. महिंद्रचा संघ 1962 साली सुरू झाला. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने तो देशभर गाजला. 2003 आणि 2005 मध्ये फेडरेशन कप आणि 2005-06 च्या हंगामात राष्ट्रीय लीग त्याने जिंकली. आणि 2010 मध्ये कंपनीने जाहीर केले, की संघ बंद. दिवाळे निघाले नव्हते, संघ हरतही नव्हता. कंपनीने ठरवले, की यापुढे शालेय फुटबॉलवर पैसा लावायचा. ठरवण्याचा हक्क कंपनीचाच होता. ज्या प्रेक्षकांनी कूपरेजच्या बाकांवर वर्षे घालवली, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण संघाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा तिकिटापुरताच होता.

गोव्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते भारतीय फुटबॉलच्या पैशाची सगळ्यात बोलकी कथा आहे. गोव्यातले मोठे क्लब बहुतेक उद्योगपतींच्या नावाने ओळखले गेले. साळगावकर 1956 पासून, त्यानंतर धेंपे. धेंपे घराण्याचा संघ ‘डेम्पो’ या नावाने प्रसिद्ध आहे. सेझा गोवा या खाण कंपनीचाही संघ होता. या सगळ्यांची भरभराट लोहखनिजाची होती. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळात जपानला गोव्याचे खनिज जाऊ लागले आणि मांडवी-जुवारीतून बार्जांची रांग लागली. त्या लाल मातीच्या पैशातला थोडा भाग मैदानावर सांडला, आणि गोव्याच्या फुटबॉलने बाळसे धरले. साळगावकरने 1988 आणि 1989 मध्ये फेडरेशन कप जिंकला, 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. डेम्पोने 2005 ते 2012 या आठ वर्षांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मडगावच्या बाजूचा चर्चिल ब्रदर्स हा आलेमाव या राजकारणी कुटुंबाचा क्लब, त्याने 2009 आणि 2013 मध्ये लीग जिंकली. एवढ्याशा गोव्यात तीन विजेते!

फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये हे संघ समोरासमोर आले, की प्रेक्षकांतही हाच वाद. यांचा पैसा खाणीचा, त्यांचा पैसा राजकारणाचा, यांनी नायजेरियाचा खेळाडू आणला, त्यांनी ब्राझीलचा आणला. रांटी मार्टिन्ससारखा गोलांचा रतीब घालणारा खेळाडू डेम्पोकडे आठ वर्षे राहिला. प्रतिस्पर्ध्यांना तो सलत असणार, हे उघडच आहे.

पण इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘खाणीचा पैसा’ हे शौकिनांचे सोपे उत्तर पूर्ण खरे नव्हते. 2009 च्या जूनमध्ये धेंपे समूहाने आपला खाण व्यवसाय सेझा गोवाला 1750 कोटी रुपयांना विकला. त्यानंतरही डेम्पोने 2010 आणि 2012 ची लीग जिंकली. 2012 च्या सप्टेंबरात गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. सगळ्या गोव्याच्या अर्थकारणाला त्याची झळ लागली. तरी क्लब लगेच कोसळले नाहीत. त्यांचा निर्णायक धक्का दुसरीकडून आला.

2010 च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिले. त्यातून 2014 साली इंडियन सुपर लीग आली. या स्पर्धेत संघ पैसे भरून घ्यायचा होता. खेळून वर चढायची सोय सुरुवातीला नव्हती. 2016 मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला. सुपर लीग वर आणि जुनी आय-लीग खाली, असा त्याचा मतलब होता. ज्या क्लबांनी अर्धे शतक संघ पोसले, त्यांना दुसऱ्या पंक्तीत बसायला सांगितले गेले. त्या वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. डेम्पोनेही तेच केले. मालकांचा अभिमान दुखावला होता, आणि हिशेबही जमत नव्हता. डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला तो 2024-25 च्या हंगामात. मधली आठ वर्षे गोव्याच्या प्रेक्षकांना राष्ट्रीय लीगमधली ती जुनी झुंज पाहायला मिळाली नाही. ज्यांनी एकमेकांच्या तिजोऱ्या मोजल्या, त्यांच्या हाती मोजायला काही उरले नाही.

याच कथेला आमच्या शेजारचा एक पदर आहे. सुपर लीगमध्ये गोव्याचा एफसी गोवा हा संघ निघाला, तेव्हा दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपे यांच्या जोडीला व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत होते. व्हिडिओकॉन म्हणजे आमच्यासाठी लांबची कंपनी नव्हे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा मोठा कारखाना होता. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही आला तो याच कंपनीचा. त्याच पडद्यावर लोकांनी पहिले फुटबॉलचे सामने पाहिले. त्या टीव्हीच्या नफ्यातून फुटबॉलचा एक संघ उभा राहतो, हे ऐकून आमच्या लोकांना बरे वाटावे असेच होते. पण कंपनी कर्जात रुतली आणि 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली तिचे प्रकरण गेले. एफसी गोवा मात्र तरला, कारण भागीदारी एकट्याची नव्हती आणि दुसरे मालक पुढे आले. 2020 मध्ये या संघाने साखळी फेरीत पहिला क्रमांक मिळवला. तिजोरीला एकच कुलूप आणि एकच किल्ली नसली तर काय फरक पडतो, ते इथे दिसते.

कोलकात्याचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचे वैर जगजाहीर. 1998 मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने दोन्ही क्लबांशी करार केला. एकाचे नाव झाले किंगफिशर ईस्ट बंगाल, दुसऱ्याचे मॅकडॉवेल मोहन बागान. बाटली वेगळी, भट्टी एकच! दोन्हीकडचे शौकीन एकमेकांच्या पैशावर टीका करत होते आणि पैसा एकाच खिशातून येत होता. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या हिशेबात खोट काढणे म्हणजे आरशाला नावे ठेवणे.

मुंबईतही अबू धाबीचा पैसा आला. मँचेस्टर सिटी ज्यांच्या मालकीची, त्या सिटी फुटबॉल समूहाने 2019 च्या नोव्हेंबरात मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा घेतला. 2020-21 च्या हंगामात मुंबई सिटीने साखळी फेरीची ढाल आणि कप दोन्ही जिंकले, 2023-24 मध्ये पुन्हा कप जिंकला. इतर संघांचे पाठीराखे म्हणाले, हा मैदानावरचा विजय नव्हे, हा तिजोरीचा विजय. पण तिजोरीचेही दिवस असतात. महासंघाचा तो 15 वर्षांचा करार 2025 च्या डिसेंबरात संपायचा होता. पुढच्या हक्कांसाठी महासंघाने निविदा मागवल्या. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही निविदा आली नव्हती. 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. आणि डिसेंबरात सिटी समूहाने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. ज्यांना या संघाच्या श्रीमंतीचा राग येत होता, त्यांच्या स्वतःच्या संघांपुढेही त्या वेळी तोच प्रश्न होता, की खेळायचे कुठे आणि कोणाच्या पैशावर.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरला फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावे वाचली तरी कळते, की हे संघ कंपनीचे नाहीत, गल्लीचे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची मुळे कुस्तीच्या तालमीत आहेत. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले. त्या तालमींच्या आवारात पुढे फुटबॉल शिरला. शाहू स्टेडियममध्ये दोन पेठांचे संघ भिडतात तेव्हा दुकाने लवकर बंद होतात आणि गॅलरी भरून वाहते. पैसा येतो तो वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, स्पर्धा भरवणाऱ्यांच्या बक्षिसांतून आणि गेटावरच्या तिकिटातून. तिथेही आफ्रिकेतले खेळाडू आले, तिथेही राजकारणी पुढाऱ्यांचा हात आला, आणि ‘त्यांना पैसा कोण पुरवतो’ ही कुजबुज तिथेही आहे. कधी वाद हातघाईवरही आला आहे. कोल्हापूर म्हणजे रामराज्य नव्हे. पण एक फरक आहे. पेठ संघ विकत नाही. एखादा देणगीदार रुसला, तरी दुसऱ्या दिवशी वर्गणीचे पुस्तक घेऊन पोरे दारोदार फिरू शकतात. संघ लहान राहील, पण राहील.

हीच कल्पना जर्मनीत नियमाच्या रूपाने आहे. तिथे क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा हक्क सभासदांकडे राहिला पाहिजे, असा 1998 पासूनचा नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत, पण मूळ तत्त्व तेच. मात्र सभासदांचा क्लब म्हणजे सुरक्षित क्लब, असेही समजू नये. बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा. त्याचे देणे एवढे वाढले, की 2021 मध्ये मेस्सीला ठेवता आले नाही. 2022 मध्ये त्याने आपल्या लीगच्या टीव्ही उत्पन्नाचा चौथा हिस्सा 25 वर्षांसाठी विकून टाकला. उभे पीक विकणे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण इथे नातवाच्या काळातले पीक विकले गेले. वर्गणी गल्लीची असली तरी वही नीट ठेवावीच लागते.

शेवटी पुन्हा त्या कापसाच्या मुलखातली एक घटना सांगतो. लँकेशायरमध्ये बरी आणि बोल्टन ही शेजारची गिरणगावे. दोघांचे क्लब जुने, बोल्टनचा 1874 चा, बरीचा 1885 चा. दोघांचे हाडवैर. बरीने 1900 आणि 1903 मध्ये एफ. ए. कप जिंकला होता. 2018 च्या डिसेंबरात हा क्लब एका पौंडाला विकला गेला, कर्जासकट. 2019 च्या एप्रिल महिन्यात संघ मैदानावरच्या कामगिरीने वरच्या गटात चढला. आणि 27 ऑगस्ट 2019 रोजी, पैशाचा पुरावा देता आला नाही म्हणून त्याला लीगमधून काढून टाकले गेले. सव्वाशे वर्षांचे नाव यादीतून पुसले गेले. त्याच आठवड्यात बोल्टनचाही क्लब बुडण्याच्या बेतात होता. दुसऱ्या दिवशी नवा मालक मिळाला आणि तो वाचला. फरक एका दिवसाचा. ज्या बोल्टनकरांनी आयुष्यभर बरीची टिंगल केली, त्यांना त्या आठवड्यात हसू येणे कठीणच होते. पुढे बरीच्या पाठीराख्यांनी पैसे जमवले, 2022 मध्ये जुने मैदान परत मिळवले आणि 2023 पासून त्यांच्या नावाचा संघ तिथे पुन्हा खेळू लागला, पण कितीतरी पायऱ्या खालून.

म्हणून धाडच्या मुलांना माझे सांगणे एवढेच, की वाद जरूर घाला. प्रतिस्पर्ध्याचे हिशेब तपासण्यात काही गैर नाही. अप्टन पार्कच्या तक्रारीमुळेच लपूनछपून चाललेला व्यवहार उजेडात आला आणि खेळाडूला उघडपणे मजुरी मिळू लागली. आजही क्लबांचे ताळेबंद चव्हाट्यावर येतात त्यात या लष्कराच्या भाकऱ्यांचा मोठा वाटा आहे. पण हिशेब वाचताना आकडा किती मोठा यावरच थांबू नका. हा पैसा किती हातांतून येतो, ते बघा. देणारा उद्या उठून गेला तर मैदानावर कोण उभे राहील, ते विचारा. वही सगळ्यांना वाचता येते का, तेही विचारा. आणि हेच तीन प्रश्न, तेवढ्याच कडक आवाजात, आपल्या संघालाही विचारा.

कारण कुस्ती असो की फुटबॉल, जोड समोर लागते. साळगावकर नसेल तर डेम्पोने कोणाला हरवायचे? बरी नसेल तर बोल्टनने कोणावर हसायचे? शेजाऱ्याची तिजोरी रिकामी झाली, की पहिल्या दिवशी आनंद होतो. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक हाती येते आणि त्या तारखेसमोरची जागा कोरी दिसते, तेव्हा कळते की त्या तिजोरीत आपलेही काही होते.